संशयाची कारागिरी

दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे; विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा. नगरपालिकेच्या सभेत कारकुनाने वाचून दाखवावी अशी ही यादी भारताच्या राज्यघटनेत आहे, तीही मूलभूत हक्कांच्या भागात, कलम 15 च्या दुसऱ्या खंडात. समतेविषयी लिहायला बसले की भल्याभल्यांची लेखणी हवेत जाते. इथे मसुदा लिहिणाऱ्याची नजर पाणवठ्यावरून हलत नाही.

घटनेचे कौतुक करायचे तर लोक उद्देशिकेपाशी थांबतात. उद्देशिका देखणी आहे, चारचौघांत मोठ्याने म्हणावी अशी आहे. पण या ग्रंथाची खरी चव एकट्याने, सावकाश वाचताना लागते, आणि ती लागते ती खंड, उपखंड आणि ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या त्या रुक्ष मजकुरात. तिथे ग्रंथाचा स्वभाव उघडा पडतो. स्वभाव संशयी आहे. कोणाच्याही हाती काही सोपवायचे झाले की तो आधी विचारतो: हा उद्या फिरला तर? मंत्री, राष्ट्रपती, न्यायाधीश, हिशेबनीस, आमदार, शेजारी, कोणीही यातून सुटलेला नाही. मला तरी घटनेचे सौंदर्य या संशयाच्या कारागिरीत दिसते. आणि गंमत अशी की जिथे लिहिणाऱ्यांनी ‘एवढे काय लिहायचे, लोक पाळतीलच’ म्हणून सोडून दिले, नेमकी तिथेच पुढे ठेच लागलेली आहे.

आधी पाणवठ्याकडे. ऑगस्ट 1923 मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावावरून मुंबई कायदे कौन्सिलने सरकारी पैशाने बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असे ठरवले. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तसा ठराव केला. चवदार तळे कागदावर खुले झाले, काठावर झाले नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर महाडला भरलेल्या परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्याच दिवशी प्रतिनिधींना मारहाण झाली, पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह व्हायचा, त्याच्या तोंडावर काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम आणला. खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 17 मार्च 1937 रोजी आंबेडकरांच्या बाजूने निकाल लागला. दहा वर्षे लागली, एका तळ्याला.

खटल्यात वादींच्या हाती मुद्दे होते ते असे. तळे सार्वजनिक नाही, खाजगी आहे. आणि अस्पृश्यांनी ते वापरायचे नाही ही रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, म्हणून ती कायद्यासारखीच मानावी. उच्च न्यायालयाने रूढीचा अनादिपणा सिद्ध झालेला नाही असे म्हटले. तळ्याभोवती सवर्णांची वस्ती होण्याआधी कोणी असा मज्जाव करू धजले असेल, हेच न्यायमूर्तींना पटेना. निकाल योग्य लागला, पण लागला तो पुराव्यावर. रूढी खरोखर जुनी असती, तर?

आता कलम 15 (2) पुन्हा वाचा. विहिरी आणि तलाव कोणते? जे पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशाने राखलेले आहेत, अथवा सर्वसामान्य जनतेच्या उपयोगासाठी दिलेले आहेत. ‘अंशतः’ पुरेसे आहे. सरकारचा पैसा मुळीच नसला तरी लोकांच्या वापरासाठी दिलेले असले की झाले. मालकीच्या आडोशाला उभे राहायला फारशी जागाच ठेवलेली नाही. रूढीचा आडोसा दोन पाने आधी मोडून ठेवला आहे, कलम 13 मध्ये. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्यवत, असे सांगून तिथे ‘कायदा’ म्हणजे काय याची यादी दिली आहे. वटहुकूम, आदेश, उपविधी, नियम, अधिसूचना, आणि शेवटी, कायद्याइतकेच बळ असलेली रूढी किंवा परिपाठ. म्हणजे रूढी खरीच हजार वर्षांची आहे हे कोणी सिद्ध करून दाखवले, तरी तिला कायद्याचा मान मिळताक्षणीच ती कायद्यासारखीच रद्द होते. वादीने केस जिंकायला जे सिद्ध करायचे, त्यानेच तो हरणार. महाडच्या खटल्याची प्रत पुढ्यात ठेवून ही कलमे लिहिली, असा माझा दावा नाही. पण मसुदा समितीचा अध्यक्ष त्या खटल्यात स्वतः प्रतिवादी होता, हे विसरून ही वाक्ये वाचता येत नाहीत.

आणखी एक बारकावा. कलम 15 चा पहिला खंड राज्याला उद्देशून आहे: राज्य भेदभाव करणार नाही. दुसऱ्या खंडात राज्याचे नावच नाही. कोणत्याही नागरिकावर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी केवळ एखाद्या कारणाने अमुक ठिकाणी मज्जाव असणार नाही, एवढेच. मज्जाव करणारा कोण, ते सांगितलेले नाही. म्हणून तो कोणीही असू शकतो. तळ्यावर लाठ्या घेऊन आलेले लोक सरकारी नोकर नव्हते. या खंडावरच्या चर्चेत ‘दुकान’ म्हणजे काय असा प्रश्न संविधान सभेत निघाला, तेव्हा आंबेडकरांनी अर्थ शक्य तितका सैल ठेवला. जो येईल त्याला आपली सेवा द्यायला जो तयार आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. मग त्यात न्हावी आला, धोबी आला. न्हाव्याने वस्तरा लावायला नकार देणे काय असते, ते ठाऊक असलेल्या माणसाचेच हे उत्तर आहे.

कलम 15 आणि एक कलम सोडून येणारे कलम 17 यांची लेखनशैली मात्र अगदी निराळी. पंधरा चाचपडत, एकेक दार तपासत जाते. सतरा दोन वाक्यांत संपते: अस्पृश्यता नष्ट झाली, तिचे कोणत्याही स्वरूपातले आचरण निषिद्ध, आणि तिच्यातून कोणावर निर्बंध लादणे हा कायद्याप्रमाणे शिक्षापात्र गुन्हा. शर्त नाही, अपवाद नाही, ‘सार्वजनिक सुव्यवस्थेस अधीन राहून’ नाही. एवढ्या संशयी ग्रंथात असे बिनशर्त वाक्य आले की कान टवकारतात. अस्पृश्यतेची व्याख्याही दिलेली नाही. के. टी. शहा यांनी सभेत ही उणीव दाखवली होती, नझिरुद्दीन अहमद यांनी पर्यायी शब्दरचना सुचवली होती. ती स्वीकारली गेली नाही आणि तेच बरे झाले. व्याख्या केली असती की पळवाट काढणाऱ्याला कुंपण कुठे संपते ते कळले असते. मूळ मजकुरात हा शब्द अवतरणचिन्हांत आहे. पुढे म्हैसूर उच्च न्यायालयाने या चिन्हांचाही अर्थ लावला: इथे कोशातला अर्थ घ्यायचा नाही, या देशात इतिहासाने घडवलेली जी प्रथा आहे ती घ्यायची. 29 नोव्हेंबर 1948 रोजी हे कलम संमत झाले तेव्हा सभागृहात महात्मा गांधींचा जयजयकार झाला. मांडणीच्या बाकावर आंबेडकर होते. त्या क्षणी त्यांच्या मनात काय आले असेल, ही कल्पना ज्याची त्याने करावी.

स्वातंत्र्यांच्या कलम 19 ची चव इतकी निर्भेळ नाही. भाषण, सभा, संघटना, संचार, वास्तव्य, व्यवसाय अशी स्वातंत्र्ये पहिल्या खंडात भराभर येतात आणि दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत त्यांना लगाम घातले जातात. एप्रिल 1947 मध्येच कम्युनिस्ट सदस्य सोमनाथ लाहिरी यांनी टोला हाणला होता की यातले कित्येक हक्क पोलीस शिपायाच्या नजरेतून लिहिले आहेत. टोला वर्मी बसण्याइतका खरा आहे. मसुद्यात भाषणस्वातंत्र्याला मर्यादा घालणाऱ्या कारणांत राजद्रोहही होता. ज्या मुंबई उच्च न्यायालयात 1908 मध्ये टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा झाली, तिथेच वकिली केलेल्या कन्हैयालाल मुन्शींनी तो काढायला लावला. घटनेतून तो गेला. भारतीय दंडसंहितेतले कलम 124 अ मात्र जागचे हलले नाही. बंगला बांधून झाल्यावर जुन्या मालकाचा राखणदार फाटकावर तसाच राहावा, तसे ते पुढे सत्तर वर्षांहून अधिक काळ राहिले.

याच कलमात पंडित ठाकूरदास भार्गव यांची एक छोटीशी दुरुस्ती आहे, जिचे मला फार अप्रूप वाटते. सभा, संघटना, संचार वगैरेंवरचे निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत, एवढेच त्यांनी घालायला लावले. एका विशेषणाने काय साधले? निर्बंध आहे की नाही, हे विधिमंडळ ठरवील. तो वाजवी आहे की नाही, हे कोण ठरवणार? अर्थात न्यायालय. शिपायाच्या नजरेतून लिहिलेल्या मजकुरात भार्गवांनी न्यायाधीशाला हळूच खुर्ची टाकून दिली. भाषणस्वातंत्र्याच्या खंडात मात्र हे विशेषण तेव्हा पडले नव्हते. 1950 च्या मे महिन्यात, घटना अमलात येऊन चार महिने होतात न होतात तोच, मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावरची मद्रास सरकारची बंदी सर्वोच्च न्यायालयाने उठवली. सार्वजनिक सुव्यवस्था हे कारण खंडात नाही, म्हणाले. सरकारने वर्षभरात पहिली घटनादुरुस्ती आणली आणि सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, गुन्ह्याला चिथावणी अशी कारणे घातली. पण त्याच दुरुस्तीत ‘वाजवी’ही आत आले. सरकारने दार लोटून घेतले आणि कडी न्यायालयाच्या हाती दिली. या पहिल्या दुरुस्तीवर टीका पुष्कळ झाली आहे, त्यातली बरीच मला मान्य आहे. तरी या शेवटच्या गोष्टीचे श्रेय तिला द्यावे लागते.

कलम 19 आजच्या प्रतीत वाचताना पाचव्या उपखंडानंतर वाचक अडखळतो. सहावा उपखंडच नाही. तो मालमत्तेचा हक्क होता. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो इथून काढला आणि पार मागे, कलम 300 अ मध्ये, मूलभूत हक्कांच्या बाहेर नेऊन ठेवला. पुढच्या उपखंडाचे अक्षर बदलले नाही. काय होते आणि काय गेले, ते त्या मोकळ्या जागेवरून कळते.

शासनयंत्रणेच्या भागात रस कमी, असे सर्वसाधारण मत आहे. मला पटत नाही. कलम 53 वाचा. संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतीच्या ठायी असेल. परक्या माणसाला वाटेल, या देशात राजाच बसवला आहे. वीसेक कलमे पुढे गेले की कलम 74 येते: राष्ट्रपतीला साहाय्य करण्यासाठी व सल्ला देण्यासाठी प्रधानमंत्र्याच्या नेतृत्वाखाली एक मंत्रिपरिषद असेल. आणि कलम 75 मध्ये, जणू सहज आठवले म्हणून, ती मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकपणे जबाबदार असेल. तीन वाक्यांत सत्ता राजवाड्यातून निघून निवडून आलेल्या सभागृहात पोचते, आणि आवाज कुठेच चढत नाही. फक्त एक गोष्ट लिहिली नव्हती. राष्ट्रपतीने सल्ला मानलाच पाहिजे का? डॉ. राजेंद्रप्रसादांनी 26 नोव्हेंबर 1949 च्या समारोपाच्या भाषणात सांगितले की तशी स्पष्ट तरतूद नाही, पण इंग्लंडातला संकेत इथेही रुजेल अशी आशा आहे. संकेतावर विश्वास टाकला. 1976 मध्ये बेचाळिसाव्या दुरुस्तीला ते लिहावे लागले, आणि आणीबाणीच्या ऐन भरात लिहिलेल्या त्या वाक्याला दोन वर्षांनी चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने एक श्वास जोडला: राष्ट्रपती एकदा फेरविचारासाठी सल्ला परत पाठवू शकेल.

याच चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीचे दुसरे एक वाक्य मला सगळ्या घटनेत सर्वात नाट्यमय वाटते. कलम 352, तिसरा खंड. आणीबाणीची उद्घोषणा करता येईल असा मंत्रिमंडळाचा, म्हणजे प्रधानमंत्री आणि कॅबिनेट दर्जाचे इतर मंत्री यांचा, निर्णय राष्ट्रपतीला लेखी कळवला गेल्याशिवाय राष्ट्रपती ती काढणार नाही. नुसता वाचला तर हा कचेरीतला नियम आहे. पण 25 जून 1975 च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी उद्घोषणेवर सही केली ती प्रधानमंत्र्यांच्या पत्रावरून, आणि मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले, हे ठाऊक असले की एकेक शब्द बोलू लागतो. ‘मंत्रिमंडळाचा’: एका व्यक्तीचा नव्हे. ‘म्हणजे’च्या पुढे मंत्रिमंडळ कशाला म्हणतात याचा खुलासा: उद्या कोणी चार विश्वासू माणसांना मंत्रिमंडळ म्हणू नये. ‘लेखी’: फोन चालणार नाही. मूळ घटनेत कॅबिनेट हा शब्दच नव्हता, सगळीकडे मंत्रिपरिषद. तो आला तो इथे, एवढ्या एका ठिकाणी, एका रात्रीची आठवण म्हणून. नावे नाहीत, दूषणे नाहीत, ‘पुन्हा असे होऊ नये’ अशी भाषणबाजी नाही. इतिहास इतक्या कमी शब्दांत आणि इतक्या रागाने फार कमी लोकांना लिहिता आला आहे.

पैशाच्या कलमांवरून झरझर पुढे जाऊ. पतपेढीच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात, तसा हा बंदोबस्त: खर्च मागायचा सरकारने, मंजूर करायचा लोकसभेने, आणि झालेला खर्च तपासायचा तिसऱ्याने, महालेखापरीक्षकाने. कलम 112 मध्ये मेख आहे. न्यायाधीशांचे पगार, महालेखापरीक्षकाचा पगार हे खर्च ‘प्रभारित’ आहेत. संसद त्यांवर बोलू शकते, मतदान करू शकत नाही. निकाल आवडला नाही म्हणून पगार अडवता येऊ नये, इतका साधा विचार. कलम 121 आणि 122 तर जुळी भावंडे आहेत. न्यायाधीशांच्या कामातील वर्तनावर, त्यांना काढण्याच्या प्रस्तावाखेरीज, संसदेत चर्चा करायची नाही. आणि संसदेच्या कामकाजात पद्धत चुकली म्हणून न्यायालयाने ते तपासायचे नाही. दोघांच्या मध्ये एकच भिंत, आणि ती दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली.

निवृत्तीनंतरच्या मोहाचा विचारही घटनाकारांनी केला आहे. महालेखापरीक्षक पायउतार झाला की त्याला केंद्रात किंवा राज्यात पुन्हा सरकारी पद नाही. संघ लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षालाही नाही. आज ज्याचे हिशेब तपासायचे, उद्या त्याच्याच दारात उभे राहायचे, हे टाळले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला मात्र एवढेच सांगितले की निवृत्तीनंतर देशातल्या कोणत्याही न्यायालयात वकिली करायची नाही. सरकारने दिलेले पद घ्यायचे की नाही, याविषयी कलम 124 गप्प आहे. के. टी. शहा यांनी ते दार बंद करण्याची दुरुस्ती आणली होती. न्यायालयापुढे येणाऱ्या खटल्यांत सरकारचा संबंध फारच थोडा असतो, अशा अर्थाचे उत्तर देऊन आंबेडकरांनी ती नाकारली. शेजाऱ्याच्या न्हाव्यापर्यंत संशय नेणारा माणूस इथे इतका निश्चिंत कसा झाला, हे मला आजवर उलगडलेले नाही. सरकार हाच देशातला सर्वात मोठा पक्षकार होणार, हे तेव्हा दिसत नव्हते काय? या जागी ग्रंथाचा हात सैल पडला आहे, आणि निवृत्त न्यायमूर्तींच्या नेमणुकांवरचे वाद पाहिले की शहांची आठवण येते.

आता कलम 21. एक वाक्य. कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती अनुसरल्याखेरीज कोणाही व्यक्तीचे जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेतले जाणार नाही. नागरिक नव्हे, व्यक्ती. परदेशी माणूसही यात आला. पण वाक्याचा सगळा भार ‘कार्यपद्धती’वर आहे, आणि ती कशी असावी, न्याय्य की अन्याय्य, यावर अवाक्षर नाही. हे मौन चुकून आलेले नाही. आधीच्या मसुद्यात अमेरिकी घटनेतल्यासारखी शब्दयोजना होती, जिच्या बळावर न्यायालय कायद्याचा न्याय्यपणाही तपासू शकले असते. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटून आले आणि ती गेली. जपानच्या घटनेतली सावध शब्दयोजना आली. 13 डिसेंबर 1948 रोजी आंबेडकरांनी सभेत दोन्ही बाजू मांडल्या. पक्षाच्या बहुमताने भरलेले विधिमंडळ वाईट कायदा करू शकते. उलट पाचसहा न्यायाधीशांनी स्वतःच्या मतांवरून चांगला कायदा पाडावा, हेही बरे नव्हे. इकडे आड, तिकडे विहीर. मग त्यांनी निर्णय सभागृहावर सोपवला. पुढच्या सप्टेंबरात त्यांनी भरपाई म्हणून अटकेतल्या माणसाचे हक्क सांगणारे कलम आणले, ते आजचे 22. त्यातही प्रतिबंधक स्थानबद्धतेची सोय आहे. हक्कांच्या भागात तुरुंगाची व्यवस्था! इथे मला लाहिरींचा शिपाई पुन्हा दिसतो आणि कौतुक आवरते घ्यावेसे वाटते.

या मौनाची किंमत 28 एप्रिल 1976 रोजी कळली. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्या माणसांना हेबियस कॉर्पस मागता येईल का? नऊ उच्च न्यायालयांनी मागता येईल म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती खन्नांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले की पोलिसाने वैरातून एखाद्याचा जीव घेतला तर? आणीबाणी आहे तोवर दाद नाही, असे उत्तर आले. निकाल चार विरुद्ध एक. मागता येणार नाही म्हणणाऱ्या चौघांत न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते; विरोधात एकटे खन्ना. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मग कलम 359 मध्ये लिहिले की काहीही झाले तरी 20 आणि 21 स्थगित होणार नाहीत. पुन्हा तेच: विश्वास टाकला, ठेच लागली, वाक्य आले. मनेका गांधींच्या जप्त पासपोर्टच्या खटल्यात 1978 मध्ये न्यायालयाने तीस वर्षांचे मौनही भरून काढले आणि म्हटले, कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवी हवी. सभागृहात जे दारातून परतवले होते, ते खिडकीतून आत आले. पुढे 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणाच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 1976 चा तो निकाल मोडीत काढला. त्यातले मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचे. वडिलांचा निकाल चुकीचा होता, असे मुलाने लिहिले.

पण वडिलांची गोष्ट 1976 वर सोडून देणे अन्यायाचे होईल. जुलै 1981 मध्ये, भर पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या हटवून तिथल्या लोकांना त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी कलम 32 खाली सर्वोच्च न्यायालयात गेले. आंबेडकर ज्याला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हणाले, ते हे कलम. मूलभूत हक्कासाठी न्यायालयात जाणे हाच एक मूलभूत हक्क. महापालिकेने आधीच्या कामकाजावर बोट ठेवले: उच्च न्यायालयात या लोकांनी कबूल केले आहे की पदपथावर झोपडी बांधण्याचा आपल्याला मूलभूत हक्क नाही, आणि ठरल्या तारखेनंतर झोपड्या पाडायला आड येणार नाही असेही लिहून दिले आहे, आता शब्द फिरवता येणार नाही. 10 जुलै 1985 च्या निकालात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी हा आक्षेप फेटाळला. घटनेविरुद्ध कोणी कबुली देऊ शकत नाही. मूलभूत हक्क ही विकून वा सोडून देण्याची वस्तू नाही, तो एकट्या त्या माणसाचा नाहीच. गरिबाने साहेबापुढे ‘होय साहेब’ म्हणून टाकले, तरी त्याचा हक्क त्याच्या तोंडून जात नाही. मला वाटते, 21 व्या कलमावर आजवर लिहिल्या गेलेल्या भाष्यात याहून समंजस जागा थोड्याच असतील.

पुढे न्यायालय म्हणाले की उपजीविकेवाचून जीवित नाही, म्हणून उपजीविका कलम 21 मध्ये आलीच. इथवर वाचणाऱ्याचे मन भरून येते. आणि मग निकालाचा उत्तरार्ध येतो. पदपथ चालण्यासाठी आहेत. महापालिकेला झोपड्या काढता येतील. तिच्या कायद्यातल्या कलम 314 मध्ये नोटीस न देता अतिक्रमण काढण्याचा अधिकार आहे, पण तो अपवाद समजावा. एरवी नोटीस द्यावी, म्हणणे ऐकून घ्यावे. आणि 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत, पावसाळा सरेपर्यंत, कोणाला हटवू नये.

काहींना हा उत्तरार्ध पूर्वार्धाचा विश्वासघात वाटतो. मला तो कलमाचे प्रामाणिक वाचन वाटतो, आणि म्हणूनच अधिक बोचतो. घर कलम 21 ने कधीच कबूल केले नव्हते. हिरावून घ्यायचे तर रीतसर घ्या, एवढेच ते म्हणते. ती रीत पदपथवासीयांना मिळाली: नोटीस, सुनावणी, आणि पावणेचार महिन्यांची मुदत.